कॅसचा प्रस्ताव: आधी तारखा, मग कागद

वरिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाची पदोन्नती कुणी निवृत्त होऊन जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते. ठरलेली सेवा, ठरलेली प्रशिक्षणं आणि पुढच्या टप्प्यांवर ठरलेलं संशोधन पूर्ण झालं, की आहे त्या जागेवरच वेतनाचा वरचा स्तर मिळतो. याला कागदोपत्री करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम म्हणतात, बोलताना कॅस, आणि जुन्या पिढीत अजूनही ‘प्लेसमेंट’. हक्काची गोष्ट आहे ही. तरीही मन लावून शिकवणाऱ्या, लिहिणाऱ्या शिक्षकांचे प्रस्ताव त्रुटी लागून परत येतात, आणि त्या त्रुटी वाचल्या की दिसतं, माणसात काही कमी नसतं. कमी असते ती तारखांच्या जुळणीची. प्रमाणपत्र खरं असतं, पण मूल्यांकन काळाच्या, म्हणजे ज्या वर्षांचं काम या पदोन्नतीसाठी मोजलं जातं त्यांच्या, बाहेरचं. शोधनिबंध खरा असतो, पण नियतकालिक यादीत होतं की नव्हतं याचा त्या दिवशीचा पुरावा नसतो.

म्हणून कागद गोळा करण्याआधी एका कोऱ्या पानावर आपल्या तारखा मांडाव्यात. पुढचं सगळं त्या पानावर उभं राहतं.

कोणते नियम, कोणता टप्पा

सध्या ज्यांची देय तारीख, म्हणजे पदोन्नतीला पात्र होण्याची तारीख, येते आहे त्यातल्या बहुतेकांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित झालेले नियम लागतात. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगासह त्यांची अंमलबजावणी ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने झाली. त्याआधीच्या देय तारखांना २०१० चे नियम आणि एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण. अधिसूचनेनंतरच्या ३ वर्षांत ज्यांची देय तारीख आली त्यांना जुन्या किंवा नव्या नियमांतून निवड करायची मुभा होती. जुनी थकलेली प्रकरणं आजही याच मुभेवर चालतात, म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात ‘अमुक नियमांनुसार’ असं स्पष्ट लिहावं. प्रशिक्षण एका नियमातून आणि गुण दुसऱ्यातून अशी सरमिसळ केलेला प्रस्ताव तपासणाऱ्याच्या हातात टिकत नाही.

२०१८ च्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षकाच्या पायऱ्या अशा आहेत. स्तर १० वरून ११ ला जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षं सेवा, एम.फिल. किंवा एलएल.एम., एम.टेक. यांसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर ५ आणि यांपैकी काही नसेल तर ६ वर्षं. ११ वरून १२ ला ५ वर्षं. १२ वरून १३-ए ला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला, ३ वर्षं आणि पीएच.डी. १३-ए वरून १४ ला, म्हणजे प्राध्यापक व्हायला, आणखी ३ वर्षं, पीएच.डी., एकूण किमान १० शोधनिबंध, त्यातले ३ मूल्यांकन काळातले, आणि ११० संशोधन गुण. विद्यापीठाच्या विभागात नोकरी असेल तर अटी लवकर कडक होतात: १० ते ११ मध्येच एक शोधनिबंध, ११ ते १२ मध्ये तीन आणि पीएच.डी., आणि १२ ते १३-ए ला एकूण सात, त्यातले तीन त्या काळातले. महाविद्यालयातल्या शिक्षकाने विद्यापीठातल्या मित्राचा प्रस्ताव नमुना म्हणून घेतला की इथेच गोंधळ होतो.

मूळ वेतनाचे आकडे बघितले तर कुठे जोर लावायचा ते कळतं. स्तर १० ची सुरुवात ५७,७०० रुपयांवर, ११ ची ६८,९०० वर, १२ ची ७९,८०० वर, आणि १३-ए ची थेट १,३१,४०० वर. स्तर १४ सुरू होतो १,४४,२०० ला. सगळ्यात मोठी उडी १२ ते १३-ए ची आहे आणि महाविद्यालयांत नेमकी तिथेच पीएच.डी. आडवी येते. १० आणि ११ व्या स्तरांत पीएच.डी. लागत नाही म्हणून ती ढकलत राहणाऱ्यांना ही उडी वर्षानुवर्षं हुकते. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत नोंदणी करा, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला आग्रहाने सांगेन.

देय तारीख

समजा १५ जुलै २०१९ रोजी रुजू झालेला शिक्षक आहे. नेट झालेली, पीएच.डी. नाही. ६ वर्षं १४ जुलै २०२५ ला पूर्ण होतात, देय तारीख १५ जुलै २०२५. नियमांनुसार अर्ज देय तारखेच्या ३ महिने आधी करता येतो, म्हणजे १५ एप्रिल २०२५ पासून. देय तारखेला सगळ्या अटी पूर्ण असतील आणि समितीने शिफारस केली, तर बैठक कितीही उशिरा झाली तरी पदोन्नती १५ जुलै २०२५ पासूनच धरली जाते. महाविद्यालयानं किंवा विद्यापीठानं अर्ज मिळाल्यापासून ६ महिन्यांत प्रक्रिया संपवावी असंही नियमांत आहे. प्रत्यक्षात वेळ जातो, पण बैठक लांबल्यानं तारीख पुढे सरकत नाही.

तारीख पुढे सरकते ती अट उशिरा पूर्ण झाल्यावर. याच शिक्षकाचा उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन कोर्स) २० सप्टेंबर २०२५ ला संपला, तर पदोन्नती त्या तारखेपासून. दोन महिन्यांचा फरक वाटतो किरकोळ. पण ११ ते १२ ची ५ वर्षं आता या नव्या तारखेपासून मोजली जातात, मग १३-ए ची ३, मग १४ ची ३. एकदा घसरलेली तारीख पुढच्या प्रत्येक टप्प्याला सोबत येते.

पीएच.डी. मध्येच मिळाली तर उलटा फायदा आहे. वरच्या उदाहरणातल्या शिक्षकाला २०२४ मध्ये पदवी मिळाली असती तर ६ वर्षं थांबायची गरज उरली नसती, कारण ४ वर्षांची अट आधीच पूर्ण झालेली होती. पदवी मिळाल्याची तारीख म्हणून पदवीदान समारंभाची तारीख लावू नका, विद्यापीठाच्या अधिसूचनेची तारीख लावा आणि ती अधिसूचना जोडा. समारंभ कित्येक महिन्यांनी होतो.

सेवा मोजताना सेवापुस्तक उघडून बसा. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि विद्यापीठाचं मान्यतापत्र या तिन्हींतली तारीख आणि पदनाम एकच आहे का, ते आधी पाहायचं. तासिका तत्त्वावरची वर्षं सहसा या मोजणीत येत नाहीत. आधीच्या महाविद्यालयातली नियमित सेवा धरायची असेल तर तिथला कार्यमुक्ती आदेश, खंड नसल्याचा दाखला आणि त्या वेळच्या निवड समितीचा पुरावा लागतो, आणि हे कागद जुन्या संस्थेकडून मिळवायला वेळ लागतो. वर्षभर आधी मागणी करा. बिनपगारी रजा घेतली असेल तर ती सेवापुस्तकात कशी नोंदली आहे हेही आत्ताच बघा, तपासणीच्या टेबलावर नको.

प्रशिक्षणं

१० ते ११ साठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग लागतो. त्याची जागा आता ‘गुरु-दक्षता’ या नावाने चालणाऱ्या प्रवेश प्रशिक्षणाने घेतली आहे. शिवाय एक उजळणी वर्ग किंवा संशोधन पद्धती वर्ग. तो नसेल तर किमान आठवड्याच्या, म्हणजे ५ दिवसांच्या, दोन कार्यशाळा किंवा प्राध्यापक विकास कार्यक्रम, किंवा ई-प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम. ११ ते १२ साठी प्रत्येकी दोन आठवड्यांचे, म्हणजे किमान १० दिवसांचे, दोन कार्यक्रम. १२ ते १३-ए साठी असा एक. १० दिवसांच्या एका कार्यक्रमाऐवजी ५ दिवसांचे दोन चालतात.

या शेवटच्या वाक्यात अनेकजण अडकतात. ११ ते १२ साठी ‘दोन कार्यक्रम’ एवढंच लक्षात राहतं आणि आठवड्याची दोन प्रमाणपत्रं जोडली जातात. ती मिळून एक होतं. सगळे आठवड्याचेच असतील तर चार लागतील. प्रमाणपत्रावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा बघून दिवस मोजा. नुसतं ‘एक आठवडा’ असं छापलेलं असेल आणि तारखा नसतील तर आयोजकांकडून पत्र घ्या.

पूर्वीची मनुष्यबळ विकास केंद्रं २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत ती आहेत. नाव बदललं म्हणून आधीची प्रमाणपत्रं बाद होत नाहीत. या केंद्रांच्या प्रमाणपत्रावर कुणी शंका घेत नाही, म्हणून शक्य तिथे हाच रस्ता धरावा. संध्याकाळी तासभर चालणाऱ्या सात वेबिनारांच्या मालिकेचं प्रमाणपत्र आणि पूर्ण आठवड्याचा विकास कार्यक्रम यांना समिती एकाच मापाने मोजत नाही. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम केला असेल तर नुसती नोंदणी किंवा सहभाग पुरत नाही, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हवं.

प्रशिक्षण कोणत्या टप्प्यात मोजायचं? ज्या टप्प्याच्या मूल्यांकन काळात ते पूर्ण झालं त्याच टप्प्यात. मागच्या पदोन्नतीत वापरलेलं प्रमाणपत्र पुन्हा जोडणं ही सगळ्यात सहज पकडली जाणारी चूक आहे, कारण मागचा प्रस्ताव महाविद्यालयाकडे असतोच. प्रमाणपत्रामागे प्राचार्यांची परवानगी आणि कर्तव्य रजेचा आदेशही लावा. त्या दिवशी हजेरीपटावर तुमची सही असेल आणि त्याच वेळी परगावचं प्रशिक्षण दाखवलं असेल, तर खुलासा द्यावा लागतो.

वर्षाचं मूल्यांकन वर्षातच

२०१८ च्या नियमांनी एपीआयची किचकट बेरीज काढून टाकली आणि वार्षिक श्रेणी आणली. याबद्दल मला मनापासून बरं वाटतं, कारण आता शिकवणं पुन्हा पहिल्या रांगेत आलं आहे. श्रेणीचा पहिला भाग म्हणजे नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले. ८० टक्के आणि वर असेल तर ‘चांगले’, ७० ते ८० मध्ये ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे ४८० तास. ३८४ तास झाले की ‘चांगले’, ३३६ ला ‘समाधानकारक’. यात ट्यूटोरियल आणि प्रात्यक्षिकंही धरली जातात.

दुसऱ्या भागात सात प्रकारची कामं आहेत: विभागप्रमुख, समन्वयक, वसतिगृहप्रमुख अशी प्रशासकीय जबाबदारी; परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणी; राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, सांस्कृतिक, क्रीडा, अभ्यास सहली यांसारखं विद्यार्थ्यांसोबतचं काम; परिषदा आणि कार्यशाळांचं आयोजन; पीएच.डी. मार्गदर्शन; प्रायोजित संशोधन प्रकल्प; आणि वर्षात किमान एक शोधनिबंध. किमान तीन कामं असतील तर ‘चांगले’, एक-दोन असतील तर ‘समाधानकारक’. तिन्ही एकाच प्रकारातली असली तरी चालतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. एकूण ‘चांगले’ येण्यासाठी शिकवण्यात ‘चांगले’ असायलाच हवं, दुसऱ्या भागात मात्र ‘समाधानकारक’ पुरतं.

आणि मग सूट आहे: ४, ५ किंवा ६ वर्षांच्या टप्प्यात अनुक्रमे ३, ४ किंवा ५ वर्षं, ११ ते १२ ला पाचांपैकी ४, आणि पुढच्या दोन टप्प्यांना तिनांपैकी २ वर्षं ‘समाधानकारक’ किंवा ‘चांगली’ असावी लागतात. एक वर्ष कमकुवत गेलं म्हणून प्रस्ताव बुडत नाही.

बुडतो तो सहा वर्षांचे अर्ज एकाच रात्री भरल्यावर. एकाच शाईत, एकाच अक्षरात, प्राचार्यांच्या एकाच दिवसाच्या सह्या असलेले सहा वार्षिक अहवाल समितीच्या लगेच लक्षात येतात. तोवर वेळापत्रकं गेलेली असतात, विभागप्रमुख बदललेले असतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल कुणाच्या कपाटात आहे ते कळत नाही. दर शैक्षणिक वर्ष संपलं की त्या वर्षाचं वेळापत्रक, दैनंदिनी, हजेरीपटाचा गोषवारा, अभ्यासक्रम पूर्तीचा दाखला, जबाबदारीची नियुक्तीपत्रं आणि झालेल्या कामाचे अहवाल एकत्र करून आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे, द्या आणि पोच घ्या. नियुक्तीपत्र आणि अहवाल ही जोडी हवी. नुसतं ‘समिती सदस्य म्हणून नेमणूक’ हे पत्र म्हणजे काम झाल्याचा पुरावा नव्हे. उत्तरपत्रिका तपासणीसाठी केंद्राचा उपस्थिती दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा, नंतर तो मिळवणं अवघड जातं.

प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, प्रतिनियुक्ती यांबद्दल नियम स्वच्छ आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. हा काळ श्रेणी ठरवताना वगळायचा, उरलेल्या काळाचं प्रमाण काढायचं आणि तेच पूर्ण काळाला लावायचं. समजा एका शिक्षिकेला वर्षाला ४८० तास होते, प्रसूती रजेमुळे अर्धं वर्ष गेलं. उरलेल्या २४० तासांपैकी तिने २०० घेतले. तिची टक्केवारी ८३.३ आहे, श्रेणी ‘चांगले’. २०० भागिले ४८० करून ४१.७ टक्के दाखवणं नियमाच्या विरुद्ध आहे. असा तक्ता कुणी भरून दिला तर लेखी हरकत घ्या आणि रजा आदेशाची प्रत जोडून दुरुस्त तक्ता सादर करा. या कारणावरून कोणत्याही शिक्षिकेनं एक वर्ष गमावू नये.

शोधनिबंध आणि त्यांचे पुरावे

इथे सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त विश्वास वाया जातो. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी आणली, मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिकं काढली, जून २०१९ पासून केअर यादी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘नियतकालिक यादीत आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या महिन्यात ते यादीत होतं का, हा खरा प्रश्न. केअर काळातल्या निबंधांसाठी त्या वेळच्या यादीची छापील प्रत, संकेतस्थळाचा पत्ता आणि तारीख दिसेल अशी, निबंधाला जोडलेली असावी. ज्यांनी तेव्हा प्रत काढून ठेवली ते आज निर्धास्त आहेत. यादी नसलेल्या काळासाठी नियतकालिक तज्ज्ञ-परीक्षित आहे हे दाखवावं लागेल: संपादक मंडळाचं पान, परीक्षण पद्धतीचं पान, आणि तुमच्या निबंधावर परीक्षकांनी दिलेले अभिप्राय व स्वीकृतीपत्र. परीक्षकांशी झालेला ई-मेल व्यवहार पुसू नका.

बनावट जुळ्या नियतकालिकांपासून सावध राहा. खऱ्या, जुन्या छापील नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) उचलून दुसऱ्याच कुणीतरी संकेतस्थळ काढलेलं असतं, पैसे घेऊन चार दिवसांत निबंध ‘प्रसिद्ध’ होतो. मूळ प्रकाशकाचा पत्ता आणि फोन आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवरून किंवा ग्रंथालयातल्या जुन्या अंकावरून पडताळून मगच निबंध पाठवा. चार दिवसांत परीक्षण होत नाही, एवढी एक खूण धरली तरी बरंच वाचतं. लांबच्या गावातल्या महाविद्यालयात, चांगलं ग्रंथालय हाताशी नसताना, पगारातून पैसे भरून फसलेल्या शिक्षकांबद्दल मला फार वाईट वाटतं. फसवणूक त्यांची होते आणि शिक्षाही त्यांनाच होते.

आणखी एक घोळ आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा. परिषदेच्या निबंधसंग्रहाला आयएसबीएन असेल तर तो पुस्तकातलं प्रकरण ठरतो, नियतकालिकातला शोधनिबंध नव्हे. १० शोधनिबंधांच्या मोजणीत तो धरता येत नाही. तोच निबंध परिषदेतलं वाचन म्हणून आणि संग्रहातलं प्रकरण म्हणून दोनदा दाखवताही येत नाही.

प्रत्येक निबंधामागे अंकाचं मुखपृष्ठ, आयएसएसएन असलेलं पान, अनुक्रमणिका आणि संपूर्ण निबंध लावा. प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) दाखवायचा असेल तर तो थॉमसन रॉयटर्सच्या, म्हणजे आताच्या क्लॅरिव्हेटच्या, यादीतलाच लागतो. मुखपृष्ठावर स्वतःच छापलेले ५.६ किंवा ७.२ असे प्रभावांक ग्राह्य नाहीत. ते तक्त्यात लिहिले तर बाकीच्या खऱ्या निबंधांवरही संशय येतो.

११० ची बेरीज

प्राध्यापक पदासाठी संशोधन गुण लागतात. विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी या शाखांत एका शोधनिबंधाला ८ गुण, भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र यांत १०. राष्ट्रीय प्रकाशकाचं पुस्तक १०, आंतरराष्ट्रीय १२, संपादित ग्रंथातलं प्रकरण ५, भाषांतरित पुस्तक ८. पीएच.डी. मार्गदर्शनाला पदवी मिळाली तर १०, प्रबंध सादर झाला तर ५. पूर्ण झालेला प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर १०, खाली असेल तर ५. व्याख्यान किंवा निबंधवाचन परदेशात ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय ३, राज्य वा विद्यापीठ पातळीवर २.

दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर प्रथम किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. रसायनशास्त्रातल्या सहलेखकाला इथे धक्का बसतो: पाच जणांच्या निबंधात चौथं नाव असेल तर मूळ ८ गुणांचे २.४ होतात. असे २० निबंध मिळून ४८. प्रभावांकानुसार वाढीव गुणांची तरतूद आहे आणि विज्ञानात ती मोठा फरक पाडते, पण त्यासाठी ज्या वर्षी निबंध आला त्या वर्षाचा प्रभावांक पुराव्यासह हवा. माझा सल्ला असा की वाढीव गुण न धरता ११० पार होतात का ते आधी बघा. होत असतील तर समितीसमोर चर्चेलाच जागा उरत नाही.

मराठीच्या एका सहयोगी प्राध्यापकाची बेरीज मांडून बघू. एकट्याचे ७ निबंध, ७० गुण. दोन लेखकांचे २, प्रत्येकी ७ म्हणजे १४. तिसरं नाव असलेला १, त्याचे ३. झाले १० निबंध आणि ८७ गुण. राष्ट्रीय प्रकाशकाचं एक पुस्तक १०, दोन प्रकरणं १०, एक विद्यार्थी पीएच.डी. झाला १०. एकूण ११७. व्याख्यानं धरायचीही गरज नाही, आणि शोधनिबंध, ग्रंथ, मार्गदर्शन असे तीन गट झाले. सहापैकी किमान तीन गटांतून गुण यावेच लागतात. पुस्तक आणि प्रकरण हा एकच गट आहे हे विसरू नका.

आता अडचणीचं उदाहरण. दुसऱ्या शिक्षकाकडे निबंध, ग्रंथ आणि मार्गदर्शनाचे मिळून ७५ आणि व्याख्यानांचे ४५. कागदावर १२०. पण धोरण दस्तऐवज आणि व्याख्यानं या दोन्हींचे मिळून गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांहून जास्त धरता येत नाहीत. म्हणजे ७५ हे किमान ७० टक्के असायला हवेत. ७५ ला ०.७ ने भागलं की १०७.१ येतात. प्रस्ताव ११० च्या खाली गेला. उलटं गणित केलं तर ११० पर्यंत पोचायला बाकीच्या गटांतून किमान ७७ गुण हवेत. हा ७७ चा आकडा त्या कोऱ्या पानावर वरच लिहून ठेवा. पुढचा रविवार व्याख्यानाला द्यायचा की अर्धवट राहिलेला निबंध पूर्ण करायला, ते त्यावरून ठरवता येतं.

फाइल आणि समिती

विहित नमुना प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. संकेतस्थळावरून त्या वर्षीचा घ्या, सहकाऱ्याचा जुना नको. फाइलचा क्रम नमुन्यातल्या मुद्द्यांच्या क्रमानेच लावा, पानांना सलग क्रमांक द्या आणि नमुन्यातल्या प्रत्येक दाव्यासमोर पान क्रमांक लिहा. पान क्रमांक सगळं लावून झाल्यावर शेवटी पेन्सिलीने घाला, मग पक्के करा. समितीतले तज्ज्ञ एका दिवसात अनेक प्रस्ताव बघतात. त्यांना ‘पान ८४’ दिसलं आणि ८४ वर तोच कागद सापडला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिल्या दोन टप्प्यांना छाननी व मूल्यमापन समिती असते, १३-ए आणि १४ साठी निवड समिती. मूळ कागद त्याच क्रमाने वेगळ्या फोल्डरमध्ये न्या. निवड समितीत आपल्याच निबंधांवर प्रश्न येतात: पद्धत कोणती, निष्कर्ष काय, त्यानंतर या विषयात नवीन काय आलं. सहलेखकानं लिहिलेल्या भागाबद्दलही विचारतात.

अर्धवट प्रस्ताव ‘बघू या’ म्हणून टाकू नका. समितीने नाकारलं तर पुन्हा मूल्यांकन एका वर्षानंतरच होतं आणि नंतर यश आलं तरी पदोन्नती नकाराच्या तारखेपासून एक वर्षानं धरली जाते. दोन महिने थांबून अट पूर्ण केली तर नुकसान दोन महिन्यांचं असतं, नाकारलं गेलं तर निदान वर्षाचं. समितीच्या विचाराच्या दिवशी शिक्षक सेवेत असायला हवा, म्हणून निवृत्ती जवळ आलेल्यांनी मात्र देय तारीख आली की क्षणभरही थांबू नये आणि बैठकीसाठी लेखी पाठपुरावा ठेवावा.

शिफारस झाली की विद्यापीठाचं मान्यतापत्र, महाविद्यालयाचा आदेश, मग वेतननिश्चितीसाठी विकल्प आणि प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे. वेतननिश्चिती मंजूर झाल्यावर सेवापुस्तकात नोंद झाली का, तारीख बरोबर आहे का, तिथे सही-शिक्का आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. पुढच्या टप्प्याची मोजणी याच नोंदीपासून सुरू होते. प्रस्तावाची पूर्ण प्रत घरी ठेवा आणि तिच्या पहिल्या पानावर नवी देय तारीख लिहून टाका.